प्रज्वलन संवेदक (मोटारगाडी)

प्रज्वलन संवेदक हा पेट्रोल इंजिनातील क्रँकशाफ्टची किंवा डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याची स्थिती व वेग ओळखून ती माहिती विद्युत स्पंदांच्या रूपात प्रज्वलन यंत्रणेला पुरवणारा भाग होय. गॅरेजच्या बोलीत त्यास ‘पिकअप’, ‘क्रँक सेन्सर’ किंवा नुसते ‘सेन्सर’ असे म्हणतात. सिलिंडरमधील दट्ट्या वर येऊन हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दाबले गेले की ठरावीक क्षणी स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडावी लागते. हा क्षण कोणता, हे संवेदकाच्या संकेतावरून ठरते. संकेत थांबला तर ठिणगी थांबते, आणि इंधन अंतःक्षेपणाची यंत्रणा त्याच संकेतावर चालत असल्यास इंधनपुरवठाही थांबतो. त्यामुळे या लहानशा भागातील बिघाड चालत्या गाडीचे इंजिन कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पाडू शकतो.

१९७० व १९८० च्या दशकांतील अभिजात स्पोर्ट्स कारमध्ये हा बिघाड विशेष आढळतो. या काळातील गाड्यांत इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन होते, परंतु बिघाडाचे कारण स्वतःहून नोंदवणारी निदान यंत्रणा बहुधा नव्हती. म्हणून अशा गाडीतील दोष शोधणे हे मोजमाप, निरीक्षण आणि तर्क यांवरच अवलंबून असते.

## इतिहास

### संपर्क बिंदूंचा काळ

अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बॅटरी, प्रज्वलन कॉइल व संपर्क बिंदू (कॉन्टॅक्ट पॉइंट) यांवर आधारित प्रज्वलन पद्धती विकसित केली. या पद्धतीत डिस्ट्रिब्युटरमधील फिरता कॅम संपर्क बिंदूंची जोडी उघडतो व मिटतो. बिंदू मिटलेले असताना कॉइलमधून प्रवाह वाहतो. ते उघडताच प्रवाह तुटतो, कॉइलमधील चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्ट दाब निर्माण होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते.

ही पद्धत सुमारे सहा दशके जगभर प्रचलित होती. मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट ११०० आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकल्या गेलेल्या गाडीमुळे महाराष्ट्रातील मेकॅनिकांच्या कित्येक पिढ्या याच पद्धतीवर शिकल्या. ‘पॉइंट साफ करणे’, ‘पॉइंट सेट करणे’ आणि ‘टायमिंग लावणे’ हे शब्दप्रयोग त्या काळातून आले आहेत. संपर्क बिंदू झिजतात, जळतात, त्यांच्यातील अंतर बदलते, मात्र हे सर्व डोळ्यांना दिसते. फिलर गेज, बारीक पॉलिश कागद आणि स्क्रू ड्रायव्हर एवढ्यावर रस्त्याच्या कडेला दुरुस्ती करता येते.

### संपर्करहित प्रज्वलन

संपर्क बिंदूंतून कॉइलचा पूर्ण प्रवाह जात असल्याने त्यांची झीज अटळ होती. जास्त वेगाने फिरणाऱ्या इंजिनात कॅमवरून बिंदूंचा हात उसळून ठिणग्या चुकत. हा दोष स्पोर्ट्स कारना सर्वाधिक जाचत असे. ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर प्रवाह तोडण्याचे काम त्याच्याकडे आणि क्षण ओळखण्याचे काम संवेदकाकडे सोपवण्यात आले. १९७१ मध्ये आलेल्या जॅग्वार ई-टाइपच्या बारा सिलिंडरी आवृत्तीत लुकास कंपनीची ‘ओपस’ ही संपर्करहित यंत्रणा होती. अमेरिकेत क्रायस्लरने १९७० च्या दशकाच्या आरंभी आपल्या गाड्यांत संपर्करहित प्रज्वलन आणले.

१९७९ मध्ये बॉश कंपनीची ‘मोट्रॉनिक’ यंत्रणा बीएमडब्ल्यू ७३२ आय या गाडीत आली. तीत प्रज्वलन व इंधन अंतःक्षेपण यांचे नियंत्रण एकाच संगणकीय एककाकडे आले आणि संवेदक डिस्ट्रिब्युटरमधून थेट फ्लायव्हीलजवळ गेला. १९८२ ते १९९१ या काळात तयार झालेली पोर्शे ९४४ व १९८० च्या दशकातील पोर्शे ९११ कॅरेरा ३.२ या स्पोर्ट्स कारमध्ये हीच यंत्रणा आढळते.

### भारतातील स्पोर्ट्स कार

भारतात आयातीवरील निर्बंधांमुळे या काळातील विदेशी स्पोर्ट्स कार फार थोड्या आल्या. भारतीय बनावटीची दोन आसनी गाडी म्हणून गोव्यात तयार झालेल्या ‘सॅन स्टॉर्म’चा उल्लेख केला जातो. तंतुकाचेची बॉडी असलेल्या या गाडीत रेनो कंपनीचे १,१४९ घन सेंमी क्षमतेचे, इंधन अंतःक्षेपण असलेले इंजिन होते. गाडी कमी संख्येने बनली असली तरी इंजिन मोठ्या प्रमाणावर बनलेले असल्याने तिच्या प्रज्वलनाच्या भागांसाठी इंजिनाची ओळख गाडीच्या नावापेक्षा अधिक उपयोगी पडते. दुर्मीळ गाड्यांच्या बाबतीत हा नियम सर्वत्र लागू होतो.

## प्रकार

* चुंबकीय (परिवर्ती अवरोध) संवेदक – यात कायम चुंबक, मऊ लोखंडाचा गाभा व त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. समोरून लोखंडी दाता गेला की चुंबकीय प्रवाह बदलतो आणि वेटोळ्यात विद्युत दाब निर्माण होतो. बाहेरून वीज द्यावी लागत नाही. मात्र दाब वेगावर अवलंबून असल्याने स्टार्टरने इंजिन संथ फिरत असताना संकेत सर्वांत दुबळा असतो.
* हॉल संवेदक – १८७९ मध्ये एडविन हॉल याने शोधलेल्या परिणामावर आधारित. चुंबकीय क्षेत्र आल्यावर किंवा अडवले गेल्यावर संकेत एकदम चालू वा बंद होतो. त्याला वीजपुरवठा लागतो, पण संकेताची पातळी वेगानुसार बदलत नाही.
* प्रकाशीय संवेदक – प्रकाशझोत फिरत्या तबकडीच्या खाचांनी तोडला जातो. जुन्या गाड्यांतील संपर्क बिंदू काढून बसवण्याच्या काही संचांत हा प्रकार वापरतात. धूळ व तेलाचा थर हा त्याचा मुख्य शत्रू होय.

## कार्य

इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असताना क्रँकशाफ्टची एक फेरी १० मिलिसेकंदांत पूर्ण होते. चार सिलिंडरांच्या चारधावी इंजिनात प्रत्येक फेरीला दोन ठिणग्या लागतात, म्हणजे या वेगाला सेकंदाला २०० ठिणग्या. क्रँकशाफ्टला एक अंश फिरण्यास केवळ २८ मायक्रोसेकंद पुरतात. ठिणगी काही अंश आधी किंवा नंतर पडली तर शक्ती घटते, इंजिन तापते किंवा ठोके देऊ लागते. संवेदकाकडून अपेक्षित असलेली अचूकता यावरून ध्यानात येते.

पोर्शे ९४४ मध्ये फ्लायव्हीलजवळ दोन चुंबकीय संवेदक शेजारी शेजारी असतात. पहिला, वेग संवेदक, फ्लायव्हीलवरील स्टार्टर रिंगचे १३२ दाते मोजतो. दुसरा, संदर्भ संवेदक, फ्लायव्हीलमध्ये बसवलेली एकच खूण दर फेरीला एकदा ओळखतो. संदर्भ खुणेपासून किती दाते पुढे गेले हे मोजून नियंत्रक एकक दट्ट्याचे स्थान ठरवते. स्टार्टरने इंजिन मिनिटाला २०० फेऱ्यांनी फिरवले तर वेग संवेदकातून सेकंदाला ४४० स्पंद निघतात, तर संदर्भ संवेदकातून जेमतेम तीन. दोघांपैकी एकाचाही संकेत नसेल तर नियंत्रक ठिणगी व इंधन दोन्ही देत नाही.

## बिघाडाची कारणे

चुंबकीय संवेदकात हलणारा भाग नसतो, म्हणून तो झिजत नाही. तो जुना होतो. इंजिन व एक्झॉस्टच्या उष्णतेने वेटोळ्याभोवतीचे राळेचे आवरण भेगाळते आणि बारीक तार तुटते. बऱ्याचदा तुटलेली टोके थंड असताना एकमेकांना टेकलेली राहतात व तापल्यावर प्रसरणाने दूर होतात. तारेचे रबरी आवरण कडक होऊन चिरा पडतात, त्यामुळे संकेताची तार तिच्याभोवतीच्या जाळीला टेकते. कनेक्टरचे प्लॅस्टिक ठिसूळ होऊन आतील पिना सैल होतात. संवेदक चुंबक असल्याने क्लच व स्टार्टरमधून निघालेला लोखंडाचा कीस त्याच्या टोकाला चिकटतो आणि संकेत बोथट होतो.

### किनारपट्टीवरील परिस्थिती

पालघर जिल्ह्यातील वसई-विरारसारख्या किनारी शहरात या कारणांत हवामानाची भर पडते. पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी आणि परिसरातील मिठागरे यांमुळे येथील हवेत क्षारांचे प्रमाण अधिक असते. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत हवा सतत दमट राहते. अभिजात गाड्या याच महिन्यांत बहुधा झाकून उभ्या ठेवल्या जातात. हवा न खेळणाऱ्या जाड आच्छादनाखाली दव साचतो, कनेक्टरच्या पितळी पिनांवर हिरवट थर चढतो, फ्लायव्हीलच्या दात्यांवर गंज धरतो आणि अल्युमिनियमच्या आवरणात बसलेला पोलादी बोल्ट जाम होतो. बंद गाडीत शिरलेले उंदीर तारा कुरतडतात, हेही एक नेहमीचे कारण आहे.

दुसरे टोक म्हणजे उष्णता. मुंबई–अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग ४८ वर खाडीपुलाच्या परिसरात वाहतूक तुंबली की गाडी दीर्घकाळ एका जागी चालू राहते. वारा लागत नसल्याने इंजिनाच्या मागील बाजूचे तापमान चढते. वेटोळ्यात आधीच असलेली फट अशा वेळी उघडी पडते. थंड सकाळी व्यवस्थित चालणारी गाडी दुपारच्या कोंडीत बंद पडण्यामागे बहुधा हे कारण असते.

## लक्षणे

* तापलेले इंजिन अचानक बंद पडणे व अर्ध्या-एक तासाने, गार झाल्यावर, पुन्हा सुरू होणे
* स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही आणि प्लगमध्ये करंट येत नाही
* चालत्या गाडीत फेरेमापकाचा काटा क्षणभर शून्यावर पडणे
* ठरावीक वेगाला झटके बसणे किंवा ठिणगी चुकणे
* एक्झॉस्टमधून न जळलेल्या पेट्रोलचा वास येणे

यांतील एकही लक्षण केवळ संवेदकाचेच असते असे नाही. बंद पडलेला इंधन पंप, तापल्यावर निकामी होणारी कॉइल, सैल झालेली अर्थिंगची तार आणि नियंत्रक एककाला वीज पुरवणारा रिले यांच्यामुळेही हुबेहूब अशीच लक्षणे दिसतात. पोर्शे ९४४ मध्ये या रिलेतील डाख तडकणे हा सुपरिचित दोष आहे. तोही तापल्यावर प्रकट होतो आणि गार झाल्यावर नाहीसा होतो. रिले काही मिनिटांत बदलता येतो, संवेदकासाठी मात्र अनेक तास लागू शकतात. म्हणून आधी रिले तपासण्याचा प्रघात आहे.

## निदान

निदानाचा हेतू ‘संवेदक खराब आहे’ हे सिद्ध करणे हा असतो, तसे मानून चालणे हा नव्हे. जुना संवेदक काढताना बहुधा तुटतो, म्हणून चुकीच्या निदानाने चांगला आणि कदाचित सहज न मिळणारा भाग गमावला जातो. तपासणी साधारणपणे सोप्याकडून अवघडाकडे पुढील क्रमाने केली जाते.

1. ठिणगी व इंधन – स्टार्टर फिरवताना ठिणगी पडते का, हे ठिणगी तपासणीच्या साधनाने पाहिले जाते. ठिणगी असून इंजिन सुरू होत नसेल तर दोष इंधनाकडे असण्याची शक्यता अधिक. मोट्रॉनिकसारख्या यंत्रणेत ठिणगी व इंधन दोन्ही एकाच वेळी नसतील तर संवेदक, रिले किंवा नियंत्रक यांच्याकडे संशय वळतो.
2. फेरेमापक – ज्या गाड्यांत फेरेमापक नियंत्रकाच्या संकेतावर चालतो, त्यांत स्टार्टर फिरवताना काटा थोडा हलला पाहिजे. काटा मुळीच हलला नाही तर वेगाचा संकेत पोहोचत नसल्याचे ते सूचक असते.
3. रोध – कनेक्टर सोडवून मल्टिमीटरने वेटोळ्याचा रोध मोजतात. पोर्शे ९४४ च्या संवेदकांसाठी तो ६०० ते १,६०० ओहमच्या दरम्यान असावा लागतो. संकेताच्या तारा व संरक्षक जाळी यांच्यातील रोध किमान १,००,००० ओहम हवा. रोध अनंत आल्यास तार तुटलेली आहे, अत्यल्प आल्यास वेटोळे आतून जुळलेले आहे.
4. तापलेल्या स्थितीतील रोध – गार असताना मिळालेले योग्य मूल्य पुरेसा पुरावा ठरत नाही. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. म्हणजे २५ अंशांना १,००० ओहम असलेले वेटोळे ८५ अंशांना सुमारे १,२३० ओहम दाखवील. ही वाढ स्वाभाविक आहे. परंतु तापल्यावर वाचन उड्या मारू लागले किंवा अनंताकडे गेले तर दोष निश्चित होतो.
5. संकेत – ऑसिलोस्कोप उपलब्ध असल्यास स्टार्टर फिरवताना तरंग पाहता येतो. सर्व दात्यांचे तरंग सारखे असावेत. दर फेरीला त्याच जागी येणारा खड्डा हा संवेदकाचा नसून तुटक्या किंवा वाकड्या दात्याचा पुरावा असतो. ऑसिलोस्कोप नसल्यास मल्टिमीटर प्रत्यावर्ती दाबावर ठेवून वाचन घेतात.
6. तारा – मोजमाप चालू असताना तार हळुवार हलवली जाते. वाचन बदलल्यास दोष तारेत किंवा कनेक्टरमध्ये आहे. अशा वेळी संवेदक न काढता कनेक्टर स्वच्छ करून वा बदलून काम भागते.

हॉल संवेदकाला रोध मोजण्याची कसोटी लागू पडत नाही. मीटरच्या प्रवाहाने त्यातील इलेक्ट्रॉनिक मंडल बिघडू शकते. त्याचा वीजपुरवठा व बदलता संकेत यांचीच तपासणी करावी लागते.

## बदलण्याची पद्धत

पुढील वर्णन फ्लायव्हीलजवळ चुंबकीय संवेदक असलेल्या गाडीचे, मुख्यतः पोर्शे ९४४ चे आहे. प्रत्यक्ष कामात त्या त्या गाडीची कार्यशाळा पुस्तिका प्रमाण मानली जाते.

### पूर्वतयारी

इंजिन पूर्ण गार होऊ दिले जाते आणि बॅटरीची ऋण तार सोडवली जाते. संवेदक इंजिनाच्या मागच्या बाजूस, क्लचच्या घंटाकृती आवरणाच्या वर, इंजिन व केबिन यांच्यातील अरुंद जागेत असतात. तेथे हात पोहोचावा म्हणून हवेच्या नळ्या व इतर भाग बाजूला करावे लागतात. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र घेतल्यास जोडणी करताना मदत होते.

दोन्ही संवेदकांचे कनेक्टर आकाराने एकसारखे असल्याने त्यांच्यावर खूण करणे अत्यावश्यक असते. मूळ गाडीत वेग संवेदकासाठी ‘डीजी’ व संदर्भ संवेदकासाठी ‘बीजी’ ही जर्मन आद्याक्षरे असतात, परंतु चाळीस वर्षांत ती पुसली गेलेली असू शकतात. कनेक्टरांची अदलाबदल झाल्यास नवे संवेदक बसवूनही इंजिन सुरू होत नाही, आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

### जुना संवेदक काढणे

प्रत्येक संवेदक एका बोल्टने कंसाला (ब्रॅकेटला) धरलेला असतो. बोल्टवर गंज सोडवणारे तेल सोडून ते मुरू दिले जाते, शक्य तर रात्रभर. षटकोनी खाचेतील मळ टोकदार साधनाने काढून चावी पूर्ण आत बसवली जाते, कारण खाच गोल झाली तर बोल्ट कापण्याखेरीज मार्ग उरत नाही. संवेदक ओढून काढण्याऐवजी तो डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवून सैल केला जातो. प्लॅस्टिकचा भाग तुटून टोक छिद्रात अडकले, तर ते आत ढकलणे धोक्याचे असते. आत पडलेला तुकडा फिरत्या फ्लायव्हीलच्या दात्यांत सापडून मोठे नुकसान करू शकतो. त्याच कारणाने छिद्रावर उघडे काम चालू असताना कापडाची गुंडाळी किंवा झाकण ठेवतात.

### अंतर लावणे

संवेदकाचे टोक व दाते यांच्यातील हवेचे अंतर हा या कामाचा गाभा आहे. पोर्शे ९४४ साठी ते ०.८ मिमी असते. अंतर वाढले तर संकेत झपाट्याने दुबळा होतो आणि स्टार्टरच्या मंद गतीला इंजिन पेट घेत नाही. ते फार कमी झाले तर तापल्यावर प्रसरण पावलेले किंवा किंचित डगमगणारे फ्लायव्हील टोकाला घासते आणि नवा संवेदक पहिल्याच फेरीत नष्ट होतो.

छिद्रात फिलर गेज पोहोचत नसल्याने अप्रत्यक्ष पद्धत वापरतात. ०.८ मिमी जाडीचा वॉशर वेग संवेदकाच्या टोकाला तात्पुरता चिकटवला जातो. संवेदक कंसात घट्ट बसवून कंसाचे बोल्ट सैल ठेवले जातात आणि वॉशर दात्याला अलगद टेकेपर्यंत कंस सरकवला जातो. त्या स्थितीत कंसाचे बोल्ट आवळले जातात, संवेदक काढून वॉशर सोडवला जातो व संवेदक पुन्हा बसवला जातो. वॉशरची जाडी अंदाजाने न धरता मायक्रोमीटरने मोजावी लागते. टोक दात्यावरच टेकले पाहिजे, दोन दात्यांमधील खाचेत नव्हे. दोन्ही संवेदक एकाच कंसावर असल्याने एकाचे अंतर लागले की दुसऱ्याचेही लागते.

### जोडणी व खात्री

छिद्र व कंसाची बैठक स्वच्छ करून संवेदक हातानेच सहज आत बसतो का, हे पाहिले जाते. ठोकून बसवणे वर्ज्य आहे. बोल्ट बेताने आवळला जातो. तार एक्झॉस्ट व प्लगच्या उच्च दाबाच्या तारांपासून दूर, मूळ मार्गाने नेली जाते. उच्च दाबाच्या तारेला लगटून गेलेली संकेत तार खोटे स्पंद उचलते. बॅटरी जोडण्यापूर्वी इंजिन पान्याने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून कोठे घासत नाही ना, याची खात्री केली जाते.

मोट्रॉनिक यंत्रणेत संवेदक बदलल्यावर टायमिंग वेगळे लावावे लागत नाही, कारण संदर्भ खूण फ्लायव्हीलवर कायम असते. डिस्ट्रिब्युटरमध्ये संवेदक असलेल्या गाड्यांत मात्र टायमिंग दिव्याने (स्ट्रोबोस्कोपने) ते पुन्हा तपासणे आवश्यक असते. शेवटची कसोटी रस्त्यावरची असते. मूळ दोष तापल्यावर दिसत असेल तर इंजिन तेवढेच तापवून, बंद करून, पुन्हा सुरू होते का हे पाहिल्याशिवाय काम पूर्ण मानले जात नाही.

## सुरक्षितता

चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले तरी ब्रेक लागलीच निकामी होत नाहीत, मात्र निर्वात साहाय्य साठवलेल्या दाबावर एक-दोन वेळाच मिळते. त्यानंतर पेडल कठीण होते. शक्तिचालित स्टिअरिंग असल्यास तेही जड होते. म्हणून वारंवार ब्रेक न पंपता एकाच दमात, स्थिर दाबाने गाडी कडेला घेणे इष्ट असते. चावी काढू नये, अन्यथा स्टिअरिंगला कुलूप लागू शकते. ज्या गाडीत हा दोष एकदा दिसला, ती दुरुस्तीपूर्वी महामार्गावर किंवा घाटात नेणे धोकादायक ठरते.

इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनातील दुय्यम दाब हजारो व्होल्टचा असतो. स्टार्टर फिरवत असताना प्लगच्या तारा हाताने धरू नयेत, आणि ठिणगीची तपासणी पेट्रोलच्या उघड्या नळीजवळ करू नये.

## सुटे भाग व मूळपण

जुन्या गाडीचा संवेदक मिळवताना गाडीच्या नावापेक्षा भागावरील उत्पादकाचा क्रमांक महत्त्वाचा ठरतो. एकाच कंपनीने अनेक वाहन उत्पादकांना एकाच घडणीचे संवेदक पुरवले असल्याने तोच भाग दुसऱ्या, अधिक प्रचलित गाडीसाठी उपलब्ध असू शकतो. तथापि आकार जुळला तरी तारेची लांबी, पिनांचा क्रम, टोकाची उंची व रोध जुळवून पाहावे लागतात. दोन संवेदक असलेल्या गाडीत एक निकामी झाल्यास दोन्ही एकत्र बदलण्याची शिफारस केली जाते. दोघांनीही तेवढीच उष्णता सोसलेली असते आणि श्रमांचा खर्च एकदाच होतो.

संपर्क बिंदू काढून हॉल किंवा प्रकाशीय संवेदकाचा संच बसवण्याबाबत अभिजात गाड्यांच्या संग्राहकांत दोन मते आहेत. अशा संचाने देखभाल कमी होते व गाडी सहज सुरू होते. दुसऱ्या बाजूने, संपर्क बिंदू हळूहळू बिघडतात आणि वाटेत दुरुस्त होतात, तर संवेदक बिघडला की गाडी तेथेच राहते. यावर तोडगा म्हणून काढलेले बिंदू व कंडेन्सर गाडीतच जपून ठेवण्याची पद्धत आहे. त्यामुळे मूळ रचना कधीही पूर्ववत करता येते.

## भारतातील नियम

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या व मूळ स्वरूपात जतन केलेल्या दुचाकी व चारचाकी खासगी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. नव्याने नोंदवल्या जाणाऱ्या अशा वाहनांच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. त्यांचा नियमित किंवा व्यावसायिक वापर करता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली तसेच इंधन भरणे व देखभाल यांसाठी ती रस्त्यावर आणता येतात. १९७१ ची जॅग्वार ई-टाइप वयाच्या अटीत बसते, पण सर्वांत जुन्या पोर्शे ९४४ लाही २०३२ पर्यंत थांबावे लागेल. तोवर अशा गाड्यांना सर्वसाधारण खासगी वाहनाप्रमाणे पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाचे व प्रदूषण चाचणीचे नियम लागू राहतात. वसई-विरार परिसरातील वाहनांची नोंदणी ‘एमएच ४८’ या मालिकेत होते.

प्रदूषण चाचणीशी संवेदकाचा थेट संबंध आहे. ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधून बाहेर पडते आणि हायड्रोकार्बनचे प्रमाण वाढते.

## देखभाल

संवेदकाचे आयुष्य वाढवणारे उपाय साधे आहेत. पावसाळ्यात गाडी हवा खेळेल अशा जागी ठेवणे, आच्छादन श्वसनक्षम कापडाचे असणे, पंधरवड्यातून एकदा इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवणे, कनेक्टरांत विद्युत जोडण्यांसाठीचे संरक्षक ग्रीस लावणे, इंजिन धुताना मागील बाजूस दाबाचे पाणी न मारणे आणि तेलगळती वेळीच थांबवणे, हे त्यांपैकी प्रमुख होत. क्लच बदलण्यासाठी गिअरपेटी उतरवली असेल तर त्याच वेळी संवेदक तपासून घेणे सोयीचे असते, कारण फ्लायव्हीलचे दाते व संदर्भ खूण तेव्हा प्रत्यक्ष पाहता येतात.

## हे सुद्धा पहा

* स्पार्क प्लग
* डिस्ट्रिब्युटर
* इंधन अंतःक्षेपण
* हॉल परिणाम
* प्रीमियर पद्मिनी
* वसई-विरार